मदत हवी आहे: डिप्लोमा, क्वालिटीत साडेसहा वर्षं. नोकरी बदलू की डिग्री करू?

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, राहायला भोसरीत. प्रेस शॉप आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका मध्यम कंपनीत ६ वर्षं ८ महिने क्वालिटीला आहे. सुरुवात लाइनवर व्हर्नियर आणि गो-नोगो गेज (पार्ट मापात आहे की नाही एवढंच सांगणारं) घेऊन पार्ट तपासण्यापासून केली. आता कस्टमर कम्प्लेंट, पीपॅप (कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), ऑडिट सगळं माझ्याच गळ्यात, पण आयकार्डावर अजून 'क्यूए इन्स्पेक्टर'. हातात ३१ हजार. गेल्या इन्क्रिमेंटला साहेब म्हणाले, "काम चांगलंय रे, पण डिग्री असती तर काही बघितलं असतं." आमच्याकडे नवीन आलेला बीई मुलगा सीनियर इंजिनिअर आहे आणि एफएमईए (कुठे काय बिघडू शकतं याचा तक्ता) वाचायला त्याला मी शिकवतोय. त्याच्यावर राग नाही, पोरगं गुणी आहे.

आता रांजणगावच्या एका कंपनीकडून ऑफर येतेय. सीटीसी (कंपनीला माझ्यावर पडणारा वर्षाचा एकूण खर्च) ६ लाख, त्यात ६० हजार व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारे). हातात नक्की किती पडतील? शिवाय एक क्लासवाला घरबसल्या वर्षभरात बीटेक देतो म्हणतो, ते खरं का? आणि पोर्टलवर चाकण-तळेगावच्या कंपन्यांना अर्ज टाकतो तर कुत्रं विचारत नाही. रेझ्युमेची सुरुवात अशी आहे: 'इनप्रोसेस इन्स्पेक्शन, हँडलिंग कस्टमर कम्प्लेंट्स, डॉक्युमेंटेशन, टीम प्लेअर, हार्ड वर्किंग.'

घरचे म्हणतात आहे ते सोडू नकोस. बायको म्हणते आधी कागदावर हिशेब मांड. तुम्ही सांगा.

प्रतिसाद: पगारपत्रक

बायकोचं ऐका. मी एचआरमध्येच आहे, म्हणून सांगते. ६ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार. बेसिक निम्मं, म्हणजे २५ हजार धरू. त्या ५० मधून व्हेरिएबलचे ५ हजार बाजूला काढा, ते वर्षाअखेरीला आणि तेही पूर्ण मिळतील याची खात्री नाही. कंपनीच्या हिश्शाचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ३,००० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्क्यांनी साधारण १,२०० हेही सीटीसीतच मोजलेले असतात. उरले ४०,८००. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साडेसदतीस हजारांच्या आसपास. मेडिक्लेम आणि कँटीन कापत असतील तर आणखी कमी. काही कंपन्या पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापतात, तिथे हातात जास्त दिसतं पण साठतं कमी. म्हणून एचआरकडे सॅलरी ब्रेकअप लेखी मागा. मागितल्याने कुणाची ऑफर जात नाही.

त्याआधी विचारा, पेरोल कुणाचा? नेमणूकपत्र कंपनीच्या लेटरहेडवर येणार की कुठल्या कॉन्ट्रॅक्टरच्या? रांजणगाव-चाकण पट्ट्यात 'आमच्या कंपनीत' म्हणून घेतात आणि सहीच्या दिवशी तिसरंच नाव निघतं.

आणि सोडताना ग्रॅच्युइटी मागायला विसरू नका, ५ वर्षं झालीत तुमची. सूत्र १५/२६ गुणिले शेवटचं मासिक वेतन (मुख्यतः बेसिक अधिक डीए, म्हणजे महागाई भत्ता) गुणिले वर्षं. ६ महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची ७. ते वेतन १४ हजार धरलं तर ५६,५३८ रुपये होतात. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा. पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते, काढून घेतलंत की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

प्रतिसाद: रात्रपाळी

क्लासवाल्याला नमस्कार करा आणि घरी या. पत्राने, म्हणजे दूरशिक्षणाने, केलेलं इंजिनिअरिंग चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच स्पष्ट केलंय. कुणी एएमआयई (इंजिनिअर्सच्या संस्थेची परीक्षा) सुचवेल, पण ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलं होतं त्यांनाच ती डिग्रीच्या बरोबरीची धरतात. खरा रस्ता वेगळा आहे. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेच्या तुकड्या काढायला एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) २०२३-२४ पासून कॉलेजांना परवानगी दिली आहे. वर्षभराचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे ३ वर्षं. मी करतोय. रविवार विसरा.

प्रतिसाद: जुना सप्लायर क्वालिटीवाला

आयुष्यभर व्हेंडरकडे (पार्ट पुरवणाऱ्या कंपन्यांकडे) ऑडिटला फिरलो, म्हणून बोलतो. तुमच्या डिग्रीपेक्षा ती रेझ्युमेची ओळ जास्त नडतेय. 'हँडलिंग कम्प्लेंट्स' लाइनवरचं प्रत्येक पोरगं लिहितं. तुम्ही स्वतः सोडवलेली एक कम्प्लेंट सांगा, कुठला पार्ट, काय दोष, मुळाशी काय सापडलं, काय बदललं. पीपॅप, एमएसए (मोजमापाची पद्धत तपासणं), एसपीसी (आकड्यांवरून प्रक्रियेवर लक्ष ठेवणं), आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक) हे शब्दही हवेत, कारण पोर्टलवर एचआर त्याच शब्दांनी शोधतं. पण मुलाखतीला बोलावणारा माणूस ती गोष्ट वाचून बोलावतो.

दुसरं, तुमच्याकडे ऑडिटला येणारे कस्टमरचे एसक्यूवाले (सप्लायर क्वालिटीची माणसं) तुम्हाला ओळखतात. त्यांच्याच कंपनीत नोकरी मागू नका. व्हेंडरचा माणूस उचलायचा नाही असा अलिखित दंडक बऱ्याच ठिकाणी असतो, वर तुमच्या मालकाच्या कानावर जातं. 'दुसरीकडे कुठे जागा असेल तर कळवा' एवढंच म्हणा. ही माणसं आठवड्याला पाच शॉप पाहतात, कुठे क्वालिटीचा माणूस सोडून गेलाय हे त्यांना आधी कळतं.

भोसरीचा डिप्लोमा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काका, ओळ बदलली, बघा जमलीय का: 'पेडल ब्रॅकेटची होल पोझिशन आउट येत होती. वेल्डिंग फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजल्याचं शोधलं. पिनचा व्यास दर शिफ्टला फर्स्ट पीसबरोबर मोजायचा हे कंट्रोल प्लॅनमध्ये घातलं. त्यानंतर कस्टमरकडून ही तक्रार आली नाही.'

ताई, पेरोलचं विचारलं. एचआर म्हणाली, "पहिलं वर्ष थर्ड पार्टी, मग बघू." बायकोने तिथल्या तिथे वही मिटली.

पगारपत्रक

'मग बघू' लेखी देणार का विचारा. नाही म्हणाल्या तर साडेसहा हजारांसाठी रोज वाघोलीचा ट्रॅफिक काढून तिथे जायची गरज नाही. दिलं तरी सहीचं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा नको, आणि सध्याच्या ठिकाणी नोटीस पीरियड किती आहे ते आजच नेमणूकपत्रात वाचून ठेवा.

जुना सप्लायर क्वालिटीवाला

ओळ झकास. फक्त पिन कशामुळे झिजत होती ते तयार ठेवा, मुलाखतीत पुढचा प्रश्न तोच येणार.