हॉर्निमन सर्कलचे हॉर्निमन नेमके कोण?

सायली_फोर्ट:
माझं ऑफिस टाउन हॉलजवळ आहे. जेवणाच्या सुट्टीत हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसते. हे पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल होतं असं परवा कळलं. म्हणजे एका इंग्रज गव्हर्नरचं नाव काढलं आणि स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या इंग्रजाचंच दिलं? हॉर्निमन पत्रकार होते एवढंच ठाऊक आहे. त्यांनी असं काय केलं होतं?

जुना_मुद्रितशोधक:
सायलीताई, प्रश्न विचारलात म्हणून बरं वाटलं. मी फोर्टातल्या एका दैनिकात मुद्रितं तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यामुळे हा माणूस मला जवळचा वाटतो.

बेंजामिन गाय हॉर्निमन, जन्म 1873, इंग्लंडमधला. तिकडच्या वर्तमानपत्रांत मुरल्यावर 1906 मध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये आले. 1913 मध्ये फिरोजशहा मेहतांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' काढलं आणि संपादकाच्या खुर्चीवर यांना बसवलं. त्या काळी मुंबईतला इंग्रज संपादक म्हणजे सरकारच्या बाजूचा, असंच लोक धरून चालत. हे मात्र भारताला स्वराज्य मागणाऱ्या होमरूल चळवळीत उतरले, आणि 1915 मध्ये प्रेस कायद्याशी झगडायला पत्रकारांची संघटना उभी केली. त्या कायद्याचा फास असा होता की छापखान्याकडून जामीन घ्यायचा आणि मजकूर खुपला की तो जप्त करायचा. संपादकाच्या एका अग्रलेखापायी मालकाचा पैसा बुडायचा. अशा वेळी लेखणी तिखट ठेवायला छाती लागते.

एप्रिल 1919 मध्ये जालियनवाला बाग झाली. पंजाबातून बातमी बाहेर पडू नये म्हणून सरकार धडपडत होतं आणि 'क्रॉनिकल' ती छापत होतं. त्याच महिन्यात हॉर्निमनना बोटीवर बसवून इंग्लंडला धाडलं. तिथेही ते गप्प बसले नाहीत. हत्याकांडाची माहिती तिकडच्या वाचकांपुढे मांडली, 1920 मध्ये अमृतसरवर पुस्तक लिहिलं.

लाहोरी_दरवाजा:
आदर आहेच, पण एक बाजू राहिली. 'क्रॉनिकल'ला पंजाबातून बातम्या पाठवणाऱ्या गोवर्धनदासांना तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. टिळकांना 'केसरी'तल्या लेखांसाठी 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडाले पाहावं लागलं. गोऱ्या संपादकाला मात्र मायदेशी पाठवलं. कातडीचा फरक होताच.

जुना_मुद्रितशोधक:
अगदी मान्य, आणि गोवर्धनदासांचं नाव तुम्ही घेतलंत हे फार चांगलं केलंत. बातमीदार मागे राहतो आणि संपादकाचं नाव चौकाला लागतं, हे आमच्या धंद्यात नेहमीचंच. पण हॉर्निमनना ती शिक्षा किती लागली असेल, ते त्यांच्या पुढच्या वागण्यावरून ओळखा. मायदेशी सुखाने राहता आलं असतं. तरी हद्दपारीच्या हुकुमातली फट शोधून 1926 च्या जानेवारीत ते परत आले आणि पुन्हा 'क्रॉनिकल' हातात घेतलं. पुढे 'बॉम्बे सेंटिनल' हा संध्याकाळचा पेपर बारा वर्षं चालवला. सायंदैनिक म्हणजे सकाळभर बातम्यांचा मजकूर तयार करायचा, दुपारी पानं लावायची आणि लोक घरी निघायच्या आत अंक रस्त्यावर. साठी ओलांडलेला माणूस हे रोज करत होता! 1941 मध्ये पत्रकार रुसी करंजियांनी 'ब्लिट्झ' हे साप्ताहिक काढलं, त्यातही हे सोबत होते. 1948 मध्ये गेले, म्हणजे स्वतंत्र भारत पाहून गेले.

सायली_फोर्ट:
काका, मनापासून आभार. सरकारला ते लोकांना भडकवणारे वाटत होते का?

जुना_मुद्रितशोधक:
तसा ठपका होता खरा. पण गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की हॉर्निमनना बेबंदशाही कधीच नको होती. 1919 च्या रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात गांधीजींनी पंजाब सरकारचा मनाई हुकूम सत्याग्रह समितीला न विचारता मोडला, तेही त्यांना पसंत नव्हतं. सत्याग्रह तहकूब करा असं पत्र त्यांनी गांधीजींना धाडलं होतं. मुंबई-अहमदाबाद अंतरामुळे ते पोचेपर्यंत गांधीजींनी तहकुबी जाहीर करूनही टाकली होती. त्यानंतर हॉर्निमन हद्दपार झाले, 'क्रॉनिकल' बंद पडलं, आणि त्याच्या चालकांनी आपलं दुसरं पत्र 'यंग इंडिया' गांधीजींच्या हाती सोपवलं. आत्मकथेच्या पाचव्या भागात हे सगळं दोन-तीन पानांत आहे, बागेत बसून एका सुट्टीत वाचून होईल.