गँगस्टरपटातली भावाभावांची शपथ: फुकासाकूने मोडली की जपली?

रीळदार
१९६०च्या दशकात जपानच्या तोएई स्टुडिओचे याकुझापट (याकुझा म्हणजे जपानी गुंडटोळ्या) एकाच साच्यातून निघायचे. किमोनोतला नट केन ताकाकुरा बॉसच्या निष्ठेपायी सोसत राहणार आणि शेवटी तलवार घेऊन निघणार. १९७३ला त्याच तोएईत दिग्दर्शक किन्जी फुकासाकूने 'जिंगी नाकी ताताकाई' (निष्ठेविना लढाई) काढून त्या निष्ठेची पार रया घालवली.
चुकीची माफी म्हणून करंगळी कापायचा प्रसंग बघा. विधी टोळीत कुणालाच धड माहीत नाही, म्हणून बॉसची बायको ओसाकात पाहिलेलं आठवून सूचना देते. तुटलेलं बोट उडून अंगणात पडतं, सगळे गुंड ओणवे होऊन ते शोधतात आणि सापडतं कोंबड्यांच्या खुराड्यात! बॉस यामामोरी कंजूष, भित्रा आणि कामापुरता हुकमी रडणारा. त्या रडण्याला भुलून त्याचा चेला हिरोनो, म्हणजे सिनेमाचा नायक, विरोधी टोळीचा बॉस दोई याचा खून करतो आणि तुरुंगात जातो. कॅमेरा हातात धरलेला, हाणामारीत माणसं चौकटीबाहेर फेकली जातात. माणूस मेला की चित्र गोठतं, पडद्यावर नाव आणि तारीख येते. मरताना भाषण ठोकायला सवड कुणालाच नाही.

चौथी_रांग
अर्धंच सांगितलंत. दोईच्या खुनाआधीच्या तुरुंगवासात हिरोनो आणि वाकासुगी हात कापून एकमेकांचं रक्त पितात, शपथेचे भाऊ होतात. शपथविधीची साके (तांदळाची दारू) नाही, बॉस नाही, साक्षीदार नाहीत. ही शपथ सिनेमा खरीच मानतो. म्हणजे मोडली ती बॉस-चेल्याची उतरंड. भावाभावांचं नातं उलट आणखी उजळून निघालं.

रीळदार
उजळून? वाकासुगी मुळात दोईच्या टोळीतला. या भावासाठी तो स्वतःच्या बॉसची साथ सोडतो. नवी शपथ पाळायची तर जुनी मोडावीच लागते. पुढे त्याचा ठावठिकाणा कुणीतरी पोलिसांना कळवतं आणि तो गोळीबारात मरतो. त्या रक्ताने वाचवलं कुणाला?

पानपट्टी
इथे मुंबईच्या गुंडांवरचा 'सत्या' (१९९८) शेजारी ठेवा. निवडणूक जिंकल्यावर राजकारणी भाऊ आपल्याच माणसाला, सत्याचा जिगरी दोस्त भिकू म्हात्रेला, जवळून गोळी घालतो. इथवर यामामोरीचाच हिशेब. पण मग विसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊला भोसकतो, आणि दोस्तीचं देणं फिटलं म्हणून प्रेक्षक मोकळा श्वास घेतो. सूड आला की रोमान्स मागच्या दाराने परत येतो. फुकासाकू तो सूड देतच नाही. यामामोरीशी फाटलेला हिरोनोचा जुना साथीदार साकाई खेळण्यांच्या दुकानात मारला जातो. त्याच्या अंत्यविधीला हिरोनो पिस्तूल काढतो, पण गोळ्या झाडतो वेदीवर मांडलेल्या वस्तूंवर. यामामोरी दरडावतो, तेव्हा गोळ्या अजून शिल्लक आहेत एवढंच सांगून निघून जातो.

चौथी_रांग
निघून जातानाही हिरोनो झालेला बुन्ता सुगावारा कसला रुबाबदार दिसतो! बॉसला न मारणारा एकटा इमानी माणूस, हाही नायकच की. ताकाकुराचा किमोनो गेला, सूट आला. नाहीतर १९७४पर्यंत या सिनेमाचे पाच भाग कशाच्या जोरावर चालले असते?

रीळदार
रुबाबाचं कबूल. पण पाचही भागांत टिकतो कोण? यामामोरी! आणि दुसऱ्या भागातला यामानाका आठवा. बॉस मुराओका त्याला खोटं सांगून भलत्याच माणसाचा खून करवून घेतो. शेवटी पोलिसांच्या वेढ्यात हा पोरगा स्वतःला गोळी घालतो. अंत्यविधीला हेच बॉस लोक त्याला आदर्श याकुझा म्हणून गौरवतात. रोमान्स कुणाच्या सोयीचा असतो, हे त्या एका प्रसंगात दिसतं.

चौथी_रांग
यामानाकाचं मान्य. हिरोनोचं नाही.