मॅनिफेस्टमध्ये नोंद करायची की नाही?

गंगापूररोडकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘एमएसआयएक्सच्या (विंडोज ॲपचं इन्स्टॉल पॅकेज) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये, एक्स्टेन्शन (ॲप कुठल्या फाइली उघडणार, पीसीबरोबर आपोआप सुरू होणार का, अशा विंडोजशी जोडण्या) जाहीर करणं म्हणजे तलाठ्याकडे खेटे. ॲप पहिल्यांदा चालू झालं की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, लिहा आणि मोकळे व्हा.’ अहो, पॅकेज केलेलं ॲप एचकेसीयूमध्ये (रजिस्ट्रीतला त्या युजरचा भाग) जे लिहितं ते त्याच्या खासगी कप्प्यात पडतं. फाइली दाखवणाऱ्या विंडोज एक्सप्लोररला ते दिसत नाही, मग फाइलवर डबल-क्लिक करून काय उघडणार, कपाळ? मॅनिफेस्टमध्ये फाइल टाइप असोसिएशनच्या (कुठली फाइल आपल्या ॲपने उघडायची) चार-सहा ओळी लिहा. ॲप काढलं की नोंदही जाते, मागे घाण राहत नाही.

काटेवाला_अंबड:
तो ‘कुणीतरी’ मीच. चार ओळी म्हणे! यूएपी३ची नेमस्पेस (त्या ओळींतले शब्द कुठल्या यादीतले ते सांगणारी नोंद) मॅनिफेस्टच्या वरच्या भागात जाहीर करायची राहिली म्हणून माझा अख्खा शनिवार गेला. एरर काय, तर ८००८०२०४, मॅनिफेस्ट अवैध. बरं, ते सोडा. पिंपळगावच्या एका पॅकहाऊसला वजनकाट्याचं ॲप दिलं. पीसी चालू झाला की ॲप आपोआप उघडणारा स्टार्टअप टास्क मॅनिफेस्टमध्ये व्यवस्थित लिहिलेला. सकाळी पीसी चालू, ॲपचा पत्ता नाही, बाहेर द्राक्षांच्या क्रेटची रांग, आणि शेठचा फोन मला. कारण? इन्स्टॉलनंतर ॲप एकदा हाताने उघडल्याशिवाय तो टास्क लागूच होत नाही!

गंगापूररोडकर:
म्हणजे इन्स्टॉल करून न उघडताच घरी आलात. छान.

काटेवाला_अंबड:
तुम्ही कधी सीझनमध्ये पॅकहाऊसला उभे राहिलात का? एसीत बसून ज्ञान सोपं असतं. पुढचं ऐका. ऑपरेटरने टास्क मॅनेजरमधून स्टार्टअप बंद केलं. आता कोडमधून कितीही विनवण्या करा, परत चालू होत नाही.

सातपूरची_टेस्टर:
होऊच नये! आमच्या ऑफिसच्या पीसीवर लॉगिन केलं की अकरा ॲपं उठतात. चहा पिऊन आले तरी गोल फिरतंच असतं. मी बंद केलं तर बंद राहू दे.

काटेवाला_अंबड:
ताई, तो पीसी शेठचा आहे, ऑपरेटरचा नाही.

सातपूरची_टेस्टर:
मग शेठनी ऑपरेटरला सांगावं. तुमच्या ॲपने कशाला दादागिरी करायची?

मोबाइलवाला:
तुमचं बरंय. आमच्या अँड्रॉइडच्या मॅनिफेस्टमध्ये इंटेंट फिल्टर (ॲप कुठल्या विनंत्या घेतं ती नोंद) असून एक्स्पोर्टेड (बाहेरच्या ॲपना ते खुलं आहे की नाही) लिहायला विसरलं, तर अँड्रॉइड १२ टार्गेट केलेलं आमचं ॲप अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्या फोनवर इन्स्टॉलच होत नाही.

काटेवाला_अंबड:
तुम्हाला कुणी विचारलं?
असो. फाइलची नोंद मॅनिफेस्टमध्ये टाकली, डबल-क्लिक चालतंय. गंगापूररोडकरांनी हार मागवावा. स्टार्टअपसाठी उद्या पहाटे पुन्हा पिंपळगाव.