काही दिवस नवं काहीच घेतलं नाही : तुमचे अनुभव सांगा

गेल्या वर्षी घर बदललं. सामान बांधायला बसले तर एकाच खोक्यातून पाच कात्र्या निघाल्या. दर वेळी जुनी सापडेना म्हणून नवी आणलेली. त्यांच्या खाली पाण्याच्या तीन बाटल्या, एकीलाही पाणी लागलेलं नव्हतं. खोकं मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या रात्री ठरवलं, सहा महिने किराणा, औषधं, प्रवास, बिलं आणि मोडलेल्या वस्तूच्या जागी दुसरी, एवढाच खर्च करायचा.

पहिले तीन आठवडे फार जड गेले. हात आपोआप फोनकडे जायचा, तोही ठरावीक वेळी, रात्री दहानंतर, घर निजल्यावर. दिवसभर सगळ्यांचं केलं, आता माझं म्हणून काहीतरी हवं, असं आतून वाटायचं. इतकी वर्षं हे मला कळलंच नव्हतं, कारण कळायच्या आत ऑर्डर गेलेली असायची. एकदा बटण दाबलं की खरेदी पक्की, या सोयीचं पेटंट अमेरिकेत १९९९ मध्ये दिलं गेलं आणि २०१७ मध्ये त्याची मुदत संपली. मधे कुठे थांबायलाच लागू नये, हाच त्या सोयीचा हेतू. म्हणून मी थांबायची जागा मुद्दाम तयार केली. साठवलेलं कार्ड ॲपमधून काढून टाकलं. काही घ्यायचं तर अंथरुणातून उठायचं, दिवा लावायचा, पर्स शोधायची, सगळे आकडे टाइप करायचे. बहुतेक वेळा दिवा लावण्याआधीच इच्छा विरून जायची.

तुमच्यापैकी कुणी असं केलंय का? महिनाभर, वर्षभर, कितीही. नियम काय ठेवलेत, घरचे काय म्हणाले, थांबल्यावर काय दिसलं? आणि नियम कुठे मोडला तेही लिहा. मला तरी त्यातूनच जास्त शिकायला मिळतं.

*

मी एक वर्ष कपडे घेतले नाहीत. एक सुती टी-शर्ट तयार व्हायला, कापसाच्या शेतापासून धरलं तर, सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, असा डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन करणाऱ्या जागतिक संस्थेचा अंदाज आहे. तो वाचून चटका बसला आणि मी ठरवून टाकलं. पण खरं सांगते, त्या आकड्याच्या जोरावर मी महिनाभरच तग धरला. पुढे उपयोगी पडले ते हँगर. कपाटातले सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकवले आणि जो कपडा घालीन त्याचाच हँगर धुऊन ठेवताना सुलटा करायचा असं ठरवलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर निम्म्याहून जास्त हँगर जसेच्या तसे उलटे.

त्यात एक निळा शर्ट होता. माझा फार आवडता, आणि तरी चार वर्षांत अंगाला लागलेला नाही. का, ते पाहायला बाहेर काढला. काखेत बोटभर शिवण उसवली होती, बस्स. तेवढ्यासाठी तो मागे पडला आणि त्याच्यासारखेच दिसणारे आणखी दोन शर्ट मी घेऊन बसले होते. दोरा बरोब्बर त्याच निळ्या रंगाचा मिळाला नाही, जरा गडद आहे. हात वर केला की दिसतो. आता आठवड्यातून एकदा तरी तोच शर्ट अंगात असतो.

*

मला वाटतं, माझी अडचण एका वस्तूतून दुसरीत जाण्याची होती. कामासाठी नवं टेबल घेतलं. मग त्याच्यापुढे जुनी खुर्ची बरी दिसेना. खुर्ची आली तर दिवा जुनाट वाटू लागला, मग मागची भिंत. दनी दिदरो या फ्रेंच विचारवंताने अठराव्या शतकात हेच स्वतःबद्दल लिहून ठेवलंय. त्याला एक भारी झगा मिळाला आणि त्याच्या शेजारी घरातलं बाकी सगळं त्याला कळकट दिसू लागलं, मग एकेक वस्तू बदलत गेली. १९८८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी या साखळीला ‘दिदरो परिणाम’ असं नाव दिलं. हे वाचलं तेव्हा माझी भिंत रंगवून झाली होती.

आता कुठलीही वस्तू घेण्याआधी मी आणि बायको एकच प्रश्न विचारतो, ही आली की हिच्यामागून काय काय येईल? तिचं म्हणणं असतं की ते सगळं धरून परवडत असेल तरच घ्यावं. आठ महिने झाले, घरात नवं फर्निचर आलेलं नाही.

*

माझी वही आहे. हवीशी वाटलेली वस्तू आणि तारीख लिहायची, तीस दिवस हात लावायचा नाही. वर्षात एक्केचाळीस नोंदी झाल्या, घेतल्या सहा. उरलेल्यांपैकी काही नोंदी आता वाचल्या तर ती वस्तू नेमकी कशासाठी हवी होती तेच आठवत नाही.

*

माझा अनुभव वेगळा आहे. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या लहानपणी घरात वस्तू संपायच्या. साबण संपला की संपला, पुढचा पगार होईपर्यंत नाही. त्यामुळे ‘कमीत राहू या’ असं कुणी आनंदाने म्हणालं की माझ्या पोटात खड्डा पडतो. तरी मैत्रिणीचं पाहून मी तीन महिन्यांची खरेदीबंदी घेतली. दुसऱ्याच आठवड्यात शेवटची टूथपेस्ट दाबून दाबून काढताना छाती धडधडायला लागली. बाजारात सगळं होतं, खात्यात पैसे होते, हे डोक्याला कळत होतं, हाताला पटत नव्हतं. त्या दिवशी मी जाऊन टूथपेस्टच्या नऊ ट्यूब आणल्या.

म्हणून मी नियम बदलला. रोज लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीची एक वापरातली आणि एक जादा. कपाटाचा मधला कप्पा त्या जादा वस्तूंचा. तो भरलेला दिसला की मला झोप लागते, आणि भरलेला आहे म्हणून त्याहून जास्त आणावंसं वाटत नाही. ज्यांनी टंचाई पाहिलीय त्यांनी साधेपणाची सुरुवात रिकाम्या कप्प्यापासून करू नये, असं माझं ठाम मत आहे.

*

(धागा सुरू केला ती मीच.) हे लिहिलंत, फार बरं केलंत. माझ्या मनात एकच मोजपट्टी होती, ती चुकीची होती.

एकवीस दिवसांत सवय मोडते का, असं एकीने मला विचारलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात रोजची एखादी नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. तो सवय लागण्याचा हिशेब आहे, मोडण्याचा नव्हे. तरी एकविसाव्या दिवशी ओढ कायम असेल तर स्वतःला दोष देऊ नका. माझी तिसऱ्या महिन्यात कमी झाली.

*

मी तीनदा बंदी घेतली आणि तिन्हीदा मोडली. आईच्या आजारपणात रात्री तिच्या उशाशी बसून मी ऑर्डरी करायचे. पार्सल येणार, दाराची घंटा वाजणार, म्हणजे उद्या काहीतरी चांगलं घडणार. आलेली पार्सलं मात्र उघडवत नसत. पलंगाखाली सरकवून द्यायचे. नवऱ्याला कार्डाचं बिल कळू नये म्हणून कागद लपवले. ती लपवाछपवी माझ्या ध्यानात आली तेव्हा कळलं की नियम, वही, हँगर याने माझं भागणार नाही.

मी समुपदेशकाकडे गेले. तिथेच समजलं की या अनावर ओढीला ‘ओनिओमेनिया’ असं जुनं नाव आहे आणि एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच तिचं वर्णन केलंय. ते ऐकून रडू आलं, सुटल्यासारखं वाटून. क्रेडिट कार्ड बंद केलं. कार्डाने पैसे द्यायचे असले की माणूस त्याच वस्तूला जास्त किंमत मोजायला तयार होतो, हे २००१ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात दिसलं होतं, म्हणून आता फक्त रोख. नोट हातातून जाताना दिसते. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडला, मग गप्प झाला, आणि दुसऱ्या दिवशी पलंगाखालची पार्सलं आम्ही दोघांनी मिळून उघडली. चौदा होती. जी परत जाण्यासारखी होती ती परत गेली.

कुणाला लपवावंसं वाटत असेल तर कृपा करून एकट्याने झुंजत बसू नका.

*

मुलीची निम्मी खेळणी खोक्यात भरून वर ठेवली. दोन महिन्यांनी तीच खाली काढली तर तिने नव्यासारखी मिठी मारली. आता अशीच आलटूनपालटून चालतात. नवीन काही आणलेलं नाही, आणि तिने मागितलंही नाही.

*

पैसे वाचले, कपाट मोकळं झालं, हे माझ्याही बाबतीत खरं आहे. पण एका गोष्टीची मला कल्पना नव्हती. माझी आणि माझ्या जिवलग मैत्रिणीची मैत्री दुकानांतच वाढलेली. शनिवारी भेटायचं ते खरेदीला. ट्रायल रूमच्या पडद्याबाहेर उभं राहून आम्ही एकमेकींना नोकऱ्या, लग्नं, भांडणं, सगळं सांगितलंय. मी घेणं थांबवलं तेव्हा पहिल्या शनिवारी तिच्याबरोबर नुसतीच हिंडले. तिला अवघडल्यासारखं झालं. ‘तू मला नावं ठेवतेयस का?’ असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं, पण तिला पटलं नाही. पुढे दोन महिने भेटच नाही. त्या दोन महिन्यांत वाचलेल्या पैशांचं मला काहीच वाटलं नाही.

मग मीच फोन केला आणि म्हटलं, मला तू हवी आहेस, बाकी काही नको, नुसती घरी ये. आली. सुरुवातीला दोघींनाही हात कुठे ठेवावेत कळेना. मी पिशवीचा तुटलेला बंद शिवायला घेतला होता, तोच पुढे चालू ठेवला. थोड्या वेळाने तिने आपल्या पर्समधून एक स्वेटर काढला, कोपरावर विरलेला, आणि दुसरी सुई आहे का म्हणून विचारलं.