आक्षेप गरिबीला की नजरेला?
परदेशी दिग्दर्शक भारताची गरिबी विकतात आणि म्हणून आपल्याला राग येतो, हे मत मला अपुरे वाटते. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांची भारतावरील माहितीपट-मालिका बीबीसीने दाखवल्यावर १९७० मध्ये सरकारने त्या संस्थेचे दिल्लीतील कार्यालयच बंद करायला लावले, हे खरे. पण नर्गिस यांनी राज्यसभेच्या खासदार असताना गरिबीची निर्यात केल्याचा ठपका ठेवला तो सत्यजित राय यांच्यावर, म्हणजे आपल्याच माणसावर.

मुंबईच्या झोपडपट्टीतील मुलावरच्या 'स्लमडॉग मिलियनेअर' या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या चित्रपटाच्या वेळी, २००९ च्या जानेवारीत, मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते पाटण्यातील झोपडपट्टीवासीयांच्या निदर्शनांनी. त्यांची तक्रार देशाची प्रतिमा डागाळल्याची नव्हती, तर शीर्षकात आपल्याला कुत्रा म्हटल्याची होती. या चित्रपटात शौचकूपातील मैल्यात उडी मारून, नखशिखान्त बरबटलेल्या अवस्थेत आवडत्या नटाची सही घ्यायला धावणारा मुलगा पाहताना मध्यमवर्गीय प्रेक्षकाला परदेशी लोक काय म्हणतील याची लाज वाटते. वस्तीतल्या माणसाला मात्र, माझ्या मते, तिथे स्वतःचा अपमान दिसतो. हे दोन्ही राग एकाच मापाने मोजू नयेत, असे मला मनापासून वाटते.