वस्तीतील इमारत रहिवाशांनी विकत घेतली, तर ती पुढच्या पिढीलाही परवडणारी कशी ठेवावी?

प्रश्न

आमच्या वस्तीतील बहुतेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून भाड्याने राहत आहेत. जवळ नवे रेल्वे स्थानक मंजूर झाल्यापासून इमारतींचे व्यवहार झपाट्याने होऊ लागले असून, करार संपला की भाडे एकदम इतके वाढवले जाते की भाडेकरूला मुकाट्याने घर सोडावे लागते. एका इमारतीचा मालक रहिवाशांनाच ती विकण्यास तयार आहे. वर्गणी, कर्ज आणि महापालिकेचे अनुदान मिळून रक्कम उभी राहू शकेल, असे आमच्या समितीचे मत आहे.

माझी अडचण पुढची आहे. ज्याच्या नावावर सदनिका होईल, त्याने पाच-सात वर्षांनी ती बाजारभावाने विकली, तर अनुदानाचा पैसा एका कुटुंबाच्या हाती जाईल आणि सदनिका वस्तीच्या हातून जाईल. मात्र विक्रीवर बंधन घातले, तर ज्यांनी आयुष्यभर भाडे भरले, त्यांनाच घराच्या वाढत्या किमतीचा लाभ आपण नाकारत आहोत, असा आक्षेप सभेत घेतला गेला आणि तो मला खोडून काढता आला नाही. इतर ठिकाणी यातून कसा मार्ग काढला गेला आहे?

उत्तर १

आपण मांडलेला पेच ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ या पद्धतीच्या मुळाशीच आहे. या पद्धतीत जमीन कायमची ट्रस्टच्या मालकीची राहते, तर तिच्यावरील घर कुटुंबाच्या मालकीचे असते. जमीन बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जाते आणि फेरविक्रीची किंमत कशी ठरेल, हे त्या भाडेपट्ट्यातच लिहिलेले असते. अमेरिकेत नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्यांनी १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ही कल्पना प्रथम राबवली. शहरी घरांसाठी तिचा मोठा प्रयोग व्हरमाँटमधील बर्लिंग्टन येथे १९८४ मध्ये सुरू झाला आणि आज तो ‘शँप्लेन हाउसिंग ट्रस्ट’ या नावाने चालतो.

तेथील सूत्र असे की, घर विकताना कुटुंबाला त्याने भरलेली मूळ रक्कम परत मिळते, घरात केलेल्या मान्य सुधारणांचे मूल्य मिळते, आणि किमतीत झालेल्या वाढीचा २५ टक्के हिस्सा मिळतो. उरलेली वाढ घरातच राहते. आकडे सोपे करून सांगतो. घराची बाजारातील किंमत १०० आहे, अनुदानामुळे ते कुटुंबाला ७० ला मिळाले आणि काही वर्षांनी बाजारातील किंमत १४० झाली. वाढ ४० ची, तिचा चौथा हिस्सा १०. म्हणजे घर पुढच्या कुटुंबाला ८० ला मिळेल. पहिले कुटुंब रिकाम्या हाताने जात नाही आणि दुसऱ्यासाठी नव्याने अनुदान शोधावे लागत नाही.

आक्षेपाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. या कुटुंबाची तुलना मोकळ्या बाजारातील घरमालकाशी केली, तर त्याच्यावर अन्याय झाल्यासारखे दिसते. परंतु अनुदानाशिवाय हे कुटुंब मालक झालेच नसते, ते भाडेकरूच राहिले असते आणि भाडेकरूला वाढीतला एक पैसाही मिळत नाही. शिवाय स्थैर्याचेही मूल्य असते. २००८ नंतरच्या गृहकर्जाच्या संकटात अमेरिकेतील ट्रस्टच्या घरांवर जप्ती येण्याचे प्रमाण बाजारातील घरांपेक्षा कितीतरी कमी होते, कारण हप्ता थकला की ट्रस्ट स्वतः मध्ये पडत असे.

उत्तर २

वरील विवेचन मला मान्य आहे. मात्र ज्यांना ७० सुद्धा उभे करता येणार नाहीत, अशी कुटुंबे त्यातून वगळली जातात आणि वस्तीतून सर्वांत आधी बाहेर पडतात तीच. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला बँक कर्ज देत नाही. म्हणून प्रत्येक सदनिकेची स्वतंत्र विक्री करण्याऐवजी संपूर्ण इमारत सामूहिक मालकीत ठेवून भाडे रहिवाशांनीच ठरवावे, या पर्यायाचा विचार आपण करावा, असे मला वाटते.

जर्मनीतील ‘मीट्सहॉयझर सिंडिकाट’ या अनेक इमारतींना जोडणाऱ्या सामायिक संस्थेची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तेथे प्रत्येक इमारतीसाठी एक लहान कंपनी असते आणि तिचे भागीदार दोनच असतात, रहिवाशांची संघटना आणि सिंडिकाट. दैनंदिन कारभार आणि भाडे रहिवासी ठरवतात, पण इमारत विकायची असेल तर दोघांचीही संमती लागते. किमतीच्या मोहाने एखाद्या पिढीतील सर्व रहिवासी एकमताने विक्रीला तयार झाले, तरी सिंडिकाट नकार देऊ शकतो. आपल्या इमारतीपुरती स्वतंत्र सहकारी संस्था काढलीत, तर नेमका हाच धोका राहील, कारण नियम बदलण्याचा अधिकार ज्यांना नियम बदलून लाभ होणार आहे, त्यांच्याच हाती असेल. जर्मनीत अशा दीडशेहून अधिक इमारती एकमेकींशी जोडल्या गेल्या आहेत आणि जुन्या इमारतींच्या भाड्यातील काही भाग नव्या इमारतींच्या उभारणीसाठी दिला जातो.

उरुग्वेतील परस्परसाहाय्य सहकारी संस्थांमध्येही घर संस्थेच्या मालकीचे असते आणि कुटुंबाला ते वापरण्याचा हक्क असतो. तेथे १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने या संस्थांना सरकारी कर्जाचा मार्ग मोकळा केला आणि सदस्यांनी स्वतःच्या श्रमातून आपल्या हिश्शाचा मोठा भाग भरला. पैसा कमी असेल, तर श्रमाची कायदेशीर नोंद होऊ शकते, हे लक्षात घ्यावे.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. बाहेरच्या संस्थेला नकाराधिकार द्यायचा म्हटले की आमच्याकडील ज्येष्ठ मंडळी अस्वस्थ होतात. उद्या विश्वस्तच बिल्डरला फितले तर काय, असे ते विचारतात आणि त्यांच्या अनुभवावरून ती भीती मला अनाठायी वाटत नाही.

उत्तर ३

ती भीती गांभीर्याने घ्यावी. म्हणूनच ट्रस्टच्या प्रचलित रचनेत विश्वस्त मंडळाचे तीन समान भाग असतात. एक तृतीयांश जागा ट्रस्टच्या घरांत राहणाऱ्यांना, एक तृतीयांश आसपासच्या वस्तीतील इतर सदस्यांना आणि उरलेल्या जागा तज्ज्ञांना किंवा सार्वजनिक संस्थांच्या प्रतिनिधींना दिल्या जातात. कोणत्याही एका गटाला एकट्याने जमीन विकता येत नाही.

बॉस्टनमधील डडली स्ट्रीटच्या रहिवाशांनी १९८४ मध्ये संघटना स्थापन केली, तेव्हा मंडळात वस्तीतील कृष्णवर्णीय, लॅटिनो, केप व्हर्डियन (केप व्हर्ड बेटांवरून आलेले) आणि श्वेतवर्णीय अशा सर्व समूहांसाठी जागा राखून ठेवल्या. जाळपोळीनंतर ओस पडलेल्या आणि बाहेरच्यांनी कचरा आणून टाकलेल्या वस्तीतील भूखंडांसाठी या संघटनेला १९८८ मध्ये सक्तीने भूसंपादन करण्याचा अधिकार मिळाला. रहिवाशांच्या संघटनेला महापालिकेने असा अधिकार देणे ही तेथेही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे.

आपल्या परिस्थितीशी सर्वांत जवळचे उदाहरण मात्र प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटावरील सान हुआन शहराचे आहे. मार्टिन पेन्या या तुंबलेल्या खाडीच्या काठावरील वस्त्यांना पाणी शिरण्याचा त्रास होता आणि खाडी साफ व्हावी, ही रहिवाशांचीच मागणी होती. पण खाडी साफ झाली की काठावरच्या जमिनीचा भाव वाढेल आणि ज्यांनी दुर्गंधी सोसली त्यांनाच हुसकावले जाईल, हे त्यांनी काम सुरू होण्याआधीच ओळखले. २००४ च्या कायद्याने सुमारे २०० एकर जमीन त्यांच्या ट्रस्टकडे आली. २००९ मध्ये विधिमंडळाने ती काढून घेतली आणि रहिवाशांनी चिकाटीने लढून २०१३ मध्ये परत मिळवली. सभासद जागे असल्यामुळेच हे शक्य झाले.

आपल्याकडे स्थानक मंजूर झाले आहे, पण अद्याप सुरू झालेले नाही. म्हणून मालकाशी आत्ताच बोलणी करावी. खरेदीची रक्कम जमेपर्यंत किमान प्रथम खरेदीचा हक्क नोंदणीकृत कराराने मिळवावा आणि फेरविक्रीचे सूत्र खरेदीखताच्या आधीच सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावे, कारण सदनिका नावावर झाल्यानंतर त्या सूत्राला संमती देण्यास फार थोडे जण तयार होतात. अनुदान देताना महापालिका कोणत्या अटी घालते, त्या वकिलाकडून आधी तपासून घ्याव्यात. काही वर्षांनी बंधन आपोआप संपेल अशी अट त्यांत असेल, तर ती वगळण्याचा आग्रह लेखी धरावा.