नवीन मॉडेल आलं की जुनं नकोसं का होतं? तुमचे अनुभव लिहा

पाच वर्षांत तिसरा फोन घेतला. परवा जुन्याचा डेटा नव्यात टाकताना जाणवलं, जुन्यात काहीच बिघडलं नव्हतं. मन खट्टू झालं. नाशिककरांनो, तुमच्याकडे काय घडतं, मोकळेपणाने सांगा.

सिडको
माझ्या फोनचं चार्जिंग दुपारपर्यंतही पुरेना, शिवाय तो अडकायचा. नवा घ्यायचाच म्हणून एमजी रोडला गेले. दुकानातल्या मुलाने आधी सेटिंगमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता बघितली: 74 टक्के. म्हणाला, "ताई, फोन चांगलाय, बॅटरी थकलीय." माझ्यासमोरच त्याने फोन गरम पट्टीवर ठेवला, कडेचा गोंद सैल झाल्यावर पातळ पत्ती फिरवून काच उचलली. आतली बॅटरी उशीसारखी फुगलेली! बरेच फोन साधारण 500 वेळा पूर्ण चार्ज झाले की बॅटरीची क्षमता 80 टक्क्यांच्या आसपास येते, आणि मध्येच बंद पडू नये म्हणून काही फोन आपणहून वेग कमी करतात. आपल्याला वाटतं, फोन म्हातारा झाला. बॅटरी बदलून आता दीड वर्ष झालं, तोच फोन वापरतेय.

अंबड एमआयडीसी
फोनचं सोडा, मी मशीनच्या बाबतीत हे केलं. शेजारच्या गाळ्यात नवीन व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आलं आणि माझी झोप उडाली. माझ्या जुन्या मशीनचा स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा) दुरुस्त करून भागलं असतं, पण कर्ज काढलं. ऑर्डरी तेवढ्याच राहिल्या. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातो, तेव्हा बायकोकडे बघवत नाही. तिने आधीच विचारलं होतं, "काम वाढलंय का?"

नाशिक रोड
सगळीच हौस नसते हो. विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि माझ्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरच्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. एसएसडी (वेगवान डिस्क) घालून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकली. मुलांचे पेपर त्यावरच काढते.

पंचवटी
आमच्या कपाटात चार बंद फोन आहेत. आजीच्या शेवटच्या दिवाळीचा व्हिडिओ त्यातल्या एकात आहे. नवा घेण्याच्या घाईत तो काढून घ्यायचा राहिला. रविवारी चारही चार्जिंगला लावणार आहे.

सिडको
पंचवटीकर दादा, थांबा! मागचं झाकण किंवा काच उचललेली दिसली तर तो फोन चार्जिंगला लावू नका, आधी दुकानात दाखवा. आणि व्हिडिओ मिळाला की इथे नक्की कळवा.